न दिसणाऱ्या भागाला रंग द्यावा का?

प्रश्न : अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाला भेट दिल्यापासून मला रणगाड्यांची मॉडेल जुळवण्याचा छंद लागला आहे. सध्या मी मिनीआर्ट या युक्रेनी कंपनीचे 1:35 प्रमाणातील टी-55ए या सोव्हिएत रणगाड्याचे किट जोडत असून, त्यात इंजिन, तोफेचा ब्रीच (गोळा भरण्याचा मागचा भाग), गोळे ठेवण्याच्या मांडण्या, आसने असा आतला सगळा संसार दिलेला आहे. दोन महिने झाले तरी मी आतल्याच भागांना रंग देत बसलो आहे. छप्पर बसवल्यावर यातले काय दिसणार, असे घरचे विचारतात. हे भाग न रंगवता तसेच आत बसवले तर ती फसवणूक होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फसवणूक मुळीच होणार नाही. मात्र रंगाच्या आधी कोणती झाकणे उघडी ठेवायची हे ठरवायला हवे होते, कारण काय रंगवायचे ते त्यावरूनच ठरते. ते अजूनही ठरवता येईल. सर्व भाग गोंद न लावता मास्किंग टेपने तात्पुरते बसवा, मॉडेल ज्या उंचीवर मांडणार त्या उंचीवर ठेवा आणि विजेरीचा उजेड पाडून प्रत्येक झाकणातून आत पाहा. खरा टी-55 सुमारे 2.4 मीटर उंच असल्यामुळे जमिनीवर उभ्या माणसाला त्याच्या झाकणातून काहीच दिसत नाही. टेबलावरचे सात सेंटिमीटर उंचीचे मॉडेल मात्र आपण आकाशातून पाहावे तसे वरून पाहतो, आणि म्हणूनच ही झाकणे नको तितकी महत्त्वाची ठरतात.

आपल्या रणगाड्यापुरते सांगतो. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, दोनच झाकणे आहेत, डावीकडे कमांडरचे आणि उजवीकडे गोळे भरणाऱ्याचे. उजव्या झाकणातून ब्रीचची उजवी बाजू आणि तिच्या शेजारची मशीनगन दिसेल. डाव्या झाकणातून कमांडरचे आसन आणि भिंतीचा थोडा भाग. तोफ डागणारा कमांडरच्या पुढे बसतो आणि त्याला स्वतंत्र झाकण नसते, त्यामुळे त्याच्यासमोरच्या चाकांवर आणि दुर्बिणीवर घालवलेली संध्याकाळ फक्त आपल्यालाच ठाऊक राहील. चालकाच्या झाकणातून आसन व दोन तरफा दिसतात. इंजिन आडवे बसवलेले असून ते पडद्याआड, मागच्या आच्छादनाखाली असते. ते आच्छादन कायमचे चिकटवणार असाल तर इंजिनाला काळ्या रंगाचा एक हात पुरे.

टरेट न चिकटवता उचलता येईल अशी ठेवली, तर ती काढल्यावर जवळजवळ पाच सेंटिमीटरचे वर्तुळ उघडे पडते आणि त्यातून खालची फरशी व मांडण्या स्वच्छ दिसतात. पाहुण्यांना टरेट उचलून दाखवण्याची हौस असेल, तर एवढा भाग मन लावून रंगवावा. माझ्या मते या किटमध्ये श्रमाचे सर्वांत जास्त चीज इथेच होते.

जे दिसते ते मात्र नीट दिसले पाहिजे. रणगाड्याच्या आत उजेड कमी, म्हणून तिथल्या भिंती बहुधा पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या असतात. लहानशा भोकातून पाहताना रंग अधिक गडद भासतो, तेव्हा पांढरा थोडा उजळच ठेवावा आणि मळकटपणा आणणारा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, जपूनच द्यावा. न रंगवलेल्या प्लास्टिकची चकाकी हा मोठा दोष आहे; विजेरीच्या उजेडात ती लगेच चुगली करते. म्हणून जो भाग तपशिलाने रंगवायचा नाही, त्यालाही मॅट काळा किंवा भिंतीचा रंग द्यावाच. झाकणांची आतली बाजू छायाचित्र पाहून ठरवावी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी शर्मन रणगाड्यामध्ये आतल्या भिंती पांढऱ्या असूनही झाकणांची आतली बाजू बाहेरच्याच हिरव्या रंगाची असे. उघडे झाकण दुरून पांढरे चमकू नये, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

शर्मनचे नाव निघालेच आहे, तर माझी फजितीही सांगतो. त्याचे नऊ सिलिंडरांचे रेडियल (वर्तुळाकार मांडणीचे) इंजिन मी तारांसकट रंगवले, आणि मागची दोन दारे उघडी ठेवूनही त्याचा खालचा तुकडाच काय तो दिसला. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण ते आठ दिवस मजेत गेले होते. दुःख झाले ते छप्पर बसेना तेव्हा. जोडाच्या कडांवर रंगाचे तीन थर चढले होते. प्लास्टिकचा गोंद प्लास्टिक विरघळवून जोड देतो. मध्ये रंग असला की तो नीट धरत नाही आणि जाडीही वाढते. त्यामुळे आपण जे काही रंगवले असेल, त्याच्या जोडाच्या कडा छप्पर चिकटवण्यापूर्वी पात्याने खरवडून घ्या.

प्रश्न : 1:72 प्रमाणाच्या रणगाड्यांनाही हेच लागू आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. तिथे माणूस शिरेल एवढे झाकण जेमतेम आठ मिलिमीटरचे होते. आतून मॅट काळा रंग द्या, हवे तर झाकणात कमरेपर्यंतचा एक सैनिक उभा करा. आतली पोकळी त्यानेच झाकली जाते.