तक्रार लिहिण्याआधी

प्रिय,

तुझा मेसेज, फोनच्या सर्व्हिस सेंटरने दिलेल्या जॉबशीटचा फोटो आणि तक्रारीचा मसुदा, तिन्ही नीट वाचलं. ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही’ या एका ओळीचा तुला राग आलाय. पहिल्या नोकरीतला पहिला मोठा खर्च, हप्ते अजून चालू आणि स्क्रीनला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडे. वाईट वाटणारच.

पण तुझ्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य मी खोडलंय. ‘वापरत असताना स्क्रीन आपोआप तडकली.’ मला तर तू फोनवर सांगितलंस, की ऑफिसच्या सहलीत ग्रुप फोटोसाठी फोन मैत्रिणीच्या हातात दिलास, गर्दीत तिला धक्का लागला आणि फोन फरशीवर पडला. ग्राहक आयोगात तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. म्हणजे हे वाक्य तू शपथेवर लिहिणार आहेस. माझ्याकडून त्याला मदत होणार नाही आणि तूही ते लिहू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

पडला असं लिहिलं की या तड्यांपुरता वॉरंटीचा आधार संपतो, हे खरं आहे. संपू दे. वॉरंटी ही कारखान्यातल्या दोषाची हमी असते. आपल्या हातून, आपण ज्याच्या हातात दिला त्याच्या हातून, खिशातून, गाडीवरून पडून जे होतं, ते तिच्यात कधीच नव्हतं. पाण्याचंही तसंच. फोन पाण्यात किती टिकतो ते सांगणारी आयपी68 ही चाचणी प्रयोगशाळेत नव्या फोनवर, गोड्या पाण्यात होते. समुद्रात भिजलेला दोन वर्षं जुना फोन त्या आकड्याच्या भरवशावर कुणी बदलून देत नाही.

तू विचारलंस, आधी चार वेळा पडला तेव्हा काही झालं नाही, मग या वेळीच कसा फुटला, काचच सदोष असणार. या प्रश्नाचं उत्तर समजून घे. फोनची काच सुमारे 400 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन दाटीवाटीने बसतात. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि हा दाबच काचेला वाचवतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. त्या दाबलेल्या थराच्या खाली एखादा चरा उतरला, की पुढच्या पडण्यात ताण तिथेच एकवटतो आणि तडा धावत सुटतो. हे चरे येतात कुठून? नाण्यांमुळे फारसे नाही, नाण्याचा धातू काचेपेक्षा मऊ असतो. पर्सच्या तळाशी, खिशाच्या शिवणीत जी बारीक वाळू साठते, तिच्यातला क्वार्ट्झ काचेहून कठीण असतो. आधीच्या चार वेळांतही काहीतरी झालं असण्याची शक्यता मोठी आहे, तुला ते दिसलं नाही इतकंच. त्यात कव्हर तू सहलीआधीच काढून टाकलं होतंस, फोटोत फोनचा रंग दिसावा म्हणून. ही निवड तुझी होती. ती पदरात घे.

(एक विषयांतर, पण राहवत नाही. स्कूटरच्या हँडलला फोन लावून मॅप बघतेस ना? मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याची थरथर रोखणारी यंत्रणा बिघडू शकते, असं अॅपलने 2021 मध्ये स्वतः जाहीर केलं होतं. निदान कंपनं शोषणारा होल्डर घे.)

कंपन्यांचं काहीच चुकत नाही, असं मी म्हणत नाही. पुढून काच, मागून काच, कडेपर्यंत काच, हा सोस त्यांचा आहे. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्या फोनच्या लेबलवर तो पडण्याला किती टिकतो याची श्रेणी छापावी लागते आणि सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळायला हवेत. आपल्याकडेही हे व्हायला हवं, त्यासाठी आपण बोललंच पाहिजे. आणि दोष खरोखर कंपनीचा असेल तर एक पाऊलही मागे येऊ नकोस. 2016 मध्ये गॅलेक्सी नोट 7 च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या तेव्हा सॅमसंगला तो फोन जगभरातून परत घ्यावा लागला. उद्या तुझा फोन न पडता बॅटरीने फुगला किंवा स्क्रीनवर आपोआप उभ्या रेघा आल्या, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन कर, लेखी तक्रार दे, मी तुझ्याबरोबर आयोगात येईन. मात्र तेव्हा तुझ्या शब्दाला वजन हवं.

आता मैत्रिणीचं. तिने अर्धे पैसे द्यावेत का, असं तू जरा चाचरतच विचारलंस. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 151 आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना, साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी घ्यायची. तितकी घेतली असेल तर नुकसानीची जबाबदारी तिच्यावर येत नाही, हे 152 सांगतं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला होता, धक्का मागून लागला, हे तूच सांगितलंस. मग तिच्याकडे मागायचं काही उरत नाही. तिने आपणहून पैसे देऊ केले तर काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर घेतले नसते.

हेच कलम 151 तुझ्याही कामाचं आहे. फोन दुरुस्तीला देशील तेव्हा तो दुकानदाराच्या ताब्यात असेल आणि काळजीची जबाबदारी त्याची असेल. म्हणून देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढ. काय फुटलंय आणि काय नीट चालतंय, दोन्ही जॉबशीटवर लिहून घे. डेटाचा बॅकअप आधी. काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून पूर्ण फोल्डर, म्हणजे स्क्रीनचा हा अख्खा संच, बदलायला सांगतील आणि आकडा ऐकून धक्का बसेल. बाहेर स्वस्तात होईल, पण ओरिजिनल की कॉपी ते बिलावर लिहून माग. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट कॉपीवर चालेलच असं नाही. फोन एकदा उघडला की पाणी रोखणारं सील पहिल्यासारखं राहिलंय असं धरू नकोस. वॉरंटीचे काही महिने उरलेत, तेव्हा बाहेर उघडल्याने ती जाते का, हे आधी सर्व्हिस सेंटरला विचार.

दोन्हीकडची अंदाजपत्रकं घेऊन शनिवारी संध्याकाळी घरी ये. हप्ते सांभाळून कोणतं परवडेल ते मिळून पाहू.

सप्रेम,
काका