पहिल्या पेपरच्या आधी, एक लग्नपत्रिका

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. समाजशास्त्राच्या व्याख्या पाठ होतात, पण त्यांचे करायचे काय ते कळत नाही, असे तू लिहिले आहेस. दोष तुझ्या बुद्धीचा नाही. या विषयातले निम्मे शब्द आपण लहानपणापासून निराळ्या अर्थाने वापरत आलो आहोत, खरी अडचण तिथे आहे. ‘आमच्या समाजात असे चालत नाही’ म्हणणारा माणूस बहुधा आपल्या जातीविषयी बोलत असतो. ‘संस्था’ म्हटले की आपल्याला संस्थाचालक आणि देणगी आठवते. समाजशास्त्राला मात्र त्या शब्दाने विवाह आणि कुटुंब यांसारखी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली नियमबद्ध व्यवस्था अभिप्रेत असते, जिची नोंदणी कुठल्याही कार्यालयात झालेली नसते. ‘भूमिका’ पक्ष जाहीर करतात आणि ‘दर्जा’ कापडाचा पाहतात. तेव्हा गाइड काही दिवस मिटून ठेव आणि घरात पडलेली एखादी जुनी लग्नपत्रिका काढ.

आधी नावांमागची उपपदे पाहा. वराच्या नावामागे नुसते ‘चि.’ असते, वधूच्या मागे ‘चि. सौ. कां.’, म्हणजे लग्नाआधीच तिने सौभाग्याची आकांक्षा धरलेली असते. निमंत्रकांत काकू ‘सौ.’ असतात आणि नवरा वारलेली आत्या ‘श्रीमती’ झालेली असते. मामा मात्र अविवाहित असोत, विवाहित असोत वा विधुर, ‘श्री.’च राहतात. स्त्रीचा दर्जा नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर बेतलेला आहे, हे कुणीही न सांगता एका कागदावर छापले गेले आहे. तिथेच वधूच्या नावापुढे ‘बी.ई.’ असेल, तर जन्माने किंवा नात्याने मिळालेला अर्पित दर्जा आणि स्वतः मिळवलेला अर्जित दर्जा एकाच ओळीत सापडतील. मामा असणे हा दर्जा आणि भाचीला मांडवात आणणे ही त्या दर्जाला चिकटलेली भूमिका. एवढे कळले की व्याख्येची ओळ आपोआप लिहिता येते.

नियमनांचे, म्हणजे कसे वागावे याच्या समाजमान्य अपेक्षांचे, बळ मला पुस्तकातून कळले नाही. आमच्या घरच्या एका लग्नात पत्रिकेचा मजकूर मी लिहिला आणि धाकट्या काकांचे नाव राहून गेले. कायद्याने तो गुन्हा नव्हता, तरी काका लग्नाला आले नाहीत, वडिलांना त्यांच्या दारी जाऊन समजूत घालावी लागली आणि मला वर्षभर टोमणे ऐकावे लागले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1895 च्या आपल्या पद्धतीविषयक ग्रंथात सामाजिक तथ्याची जी ओळख सांगितली, ती हीच: ते व्यक्तीच्या बाहेर असते आणि व्यक्तीवर दाब आणते. नियम मोडेपर्यंत हा दाब सहसा जाणवत नाही.

आता जे छापलेले नाही तिकडे वळ. पत्रिकेवर जातीचा उल्लेख नसतो, पण दोन्हीकडची आडनावे, गावे आणि वर छापलेले कुलदैवत वाचून तुझी आजी ती बहुतेक वेळा ओळखेल. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा होता की सगोत्र विवाह टाळणाऱ्या, म्हणजे बहिर्विवाह पाळणाऱ्या समाजावर अंतर्विवाहाचे, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याचे, बंधन लादले गेले आणि त्यातून जात घडली. याचा अर्थ जात टिकते ती लग्न कुणाशी करायचे या निर्णयातून. ‘सामाजिक स्तरीकरण’, म्हणजे समाजातल्या उच्च-नीच थरांचा धडा वाचण्याआधी तो निबंध वाच. माझ्या मते आपल्याकडच्या नवशिक्या विद्यार्थ्यासाठी त्याहून चांगली सुरुवात नाही.

मात्र एका पत्रिकेवरून निष्कर्ष काढू नकोस. एका घराची रीत ती एका घराचीच, आणि हौशी निरीक्षक नेमका इथे फसतो. वेगवेगळ्या दशकांतल्या, वेगवेगळ्या घरांतल्या वीसेक पत्रिका जमव आणि तक्ता कर: निमंत्रकांत स्त्रिया किती, वधूचे शिक्षण छापले आहे का, ‘सौ. कां.’ कुठे गळाले, आंतरजातीय विवाह असेल तर कुलदैवत कुणाचे छापले. सामाजिक बदल या संकल्पनेवर लिहायला तुझ्याकडे तुझे स्वतःचे काही असेल.

दिवाळीच्या सुट्टीत तक्ता घेऊन ये. पत्रिका लोकांनी आठवण म्हणून जपलेल्या असतात, तेव्हा त्यांवर खुणा करू नकोस; नोंदी वहीत घे आणि ज्याची त्याला परत कर.

तुझा,
सर