आठ अंडी, एकही पिल्लू नाही

प्रश्न : आफ्रिकन लव्हबर्डची जोडी घेतली. एक गुलाबी तोंडाचा, दुसरा केशरी तोंडाचा, लाल चोचीचा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला. दुकानदाराने नर-मादी सांगितलं. दोघं एकमेकांना भरवतात, एकाच पेटीत झोपतात. गुलाबी तोंडाचा कागदाच्या पट्ट्या फाडून पाठीत खोचतो, दुसरा चोचीतून नेतो. पेटीत आठ अंडी झाली, महिना उलटला, एकही फुटलं नाही. खाण्यात काही कमी पडतंय का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, खाणं नंतर बघू. तुमच्याकडे बहुधा दोन माद्या आहेत. एक मादी साधारण चार ते सहा अंडी घालते. आठ अंडी आणि सगळी रिकामी म्हटल्यावर माझ्या मनात पहिली शंका हीच येते. भरवणं, बिलगून बसणं दोन माद्याही करतात. शिवाय घरट्याचं सामान वाहणं हे मुख्यतः मादीचं काम, आणि तुमच्याकडे दोघीही त्याला लागल्यात. या जातींत नर-मादी दिसायला सारखेच. कमरेची हाडं चाचपून सांगणारे भेटतील. मी त्यावर पैसे लावणार नाही. दोघांचं एकेक ताजं उपटलेलं पीस डीएनए तपासणीला पाठवा. गळून पडलेलं पीस चालत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी दुकानदाराने सांगायला हवी होती. ही एका जातीची जोडीच नाही. गुलाबी तोंडाचा नामिबिया, अंगोलाच्या कोरड्या मुलखातला. पांढऱ्या कड्याचा फिशर जातीचा, उत्तर टांझानियातला, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेकडचा. पहिल्याची मादी कामाला लागलेल्या बाईने पदर खोचावा तशा पट्ट्या शेपटीजवळच्या पिसांत खोचून नेते. फिशर एकेक पट्टी चोचीतून नेतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला आणि 1962 मध्ये त्यावर लिहिलं. त्या पिल्लांची फार कुचंबणा झाली. पट्टी खोचायला जायची, ती गळून पडायची, पुन्हा उचलायची. चोचीतून न्यायला जमेपर्यंत वर्षं गेली, आणि तरी मान मागे वळवायची खोड पुरती सुटली नाही. असे संकर सहसा वांझही निघतात. म्हणून एक नर निघाला तरी या दोघांची पिल्लं काढू नका. रंगांच्या हौसेपायी हे करणारे आहेत. मला ते पटत नाही.

प्रत्येकीला तिच्याच जातीचा, वर्षाच्या पुढचा जोडीदार बघा आणि पिंजरे वेगळे ठेवा. लव्हबर्ड भांडले की पायाची बोटं तोडतात. आत्ताची अंडी लगेच काढू नका, काढली की मादी आणखी घालते. अंडी तेवीस दिवसांच्या आसपास फुटतात. तुमची मुदत टळलीय, तरी ती कंटाळून उठेपर्यंत थांबा. मग पेटीच काढून घ्या आणि काही महिने विश्रांती द्या.

खाण्यात राळा, बाजरी, ओला मका, मेथी-पालक. सूर्यफूल थोडंच. कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिशचं हाड) पिंजऱ्यात कायम हवा. कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडकतं आणि मादी दगावते. अशी मादी फुगून तळाशी बसलेली दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्य गाठा.

फिशरची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, कारण तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे. गुलाबी तोंडाचा त्या यादीतून वगळलेला आहे.

प्रश्न : आफ्रिकन ग्रे पोपटाचं पिल्लू कागदपत्रांशिवाय स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. जंगलातून बेसुमार पकडला गेल्यामुळे हा पोपट 2017 पासून साइट्सच्या परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. पैदाशीला परवाना लागतो, पाळायला नोंदणी. विकणाऱ्याने परवाना दाखवला तरच पुढचं बोला.