शाळेत पहिल्यांदा बोलायला जाताय ना?

ताई, जालन्यात नववी-दहावीच्या पोरांपुढं उभं राहताय, याचा फार आनंद झाला. स्वतःच्या यशाची गोष्ट मात्र पाच मिनिटांत आटपा. नवखे तिथंच रमतात आणि पोरं पेंगायला लागतात.

त्यापेक्षा काम दाखवा. तुमचा धंदा बियाण्याचा. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून उगवण कशी मोजतात ते करूनच दाखवा. प्रश्न आपोआप येतात.

- डॉक्टर-इंजिनिअरपलीकडचं सांगा. दहावीनंतर आयटीआय, किंवा 3 वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश; कित्येक घरांत हे माहीतच नसतं.
- इंग्रजी झाडू नका.

पगार, कर्ज, स्वतःचा धंदा हे पुढच्या खेपेला. मुली उठून विचारायला लाजतात, त्यांच्याकडून चिठ्ठ्या घ्या.