ऐंशी वर्षं जुन्या ‘डक’मधून आई-बाबांना फिरवायचं का?

नमस्कार. तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये आई-बाबा शिकागोला येतायत, त्यांना विस्कॉन्सिन राज्यातल्या डेल्स या पर्यटनाच्या गावाला नेऊन रस्त्यावरून थेट पाण्यात उतरणाऱ्या जुन्या लष्करी ‘डक’मधून फेरी मारून आणायचा विचार आहे, गाड्या दुसऱ्या महायुद्धातल्या, बाबांना पोहता येत नाही, तर हे सुरक्षित आहे का?

आधी उत्तर देतो. बुडायची वेळ आली तर वरून आणि बाजूने बाहेर पडता येत असेल, पाणी आत शिरलं तरी गाडी तरंगत राहील अशी सोय केलेली असेल आणि आभाळ निवळ असेल, तर न्या. यातलं एक जरी नसलं तरी नेऊ नका. गाडीचं वय मी यानंतर धरतो.

मी बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये काढली, आता मिलवॉकीत असतो. त्यामुळे या गाडीकडे माझी नजर गंमत म्हणून जातच नाही. ती आधी गाडीच्या पोटाखाली जाते.

डक म्हणजे मुळात जनरल मोटर्सचा अडीच टनी ट्रक. त्याभोवती नावेसारखा पोलादी सांगाडा चढवला आणि पाण्यात ढकलायला मागे पंखा (प्रोपेलर) बसवला. १९४२ ते १९४५ या काळात अशा सुमारे २१,००० गाड्या बनल्या. समुद्रात उभ्या जहाजावरून माल आणि माणसं किनाऱ्यावर आणणं हे त्यांचं काम, आणि फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर त्यांनी ते चोख केलं. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या विकल्या गेल्या आणि १९४६ पासून डेल्सलाच त्यातून पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. म्हणजे तुम्ही या धंद्याच्या मूळ गावीच चालला आहात.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. साध्या होडीच्या तळाला भोकं नसतात, असली तर एखाद-दुसरं. डकच्या तळातून चाकांकडे जाणारे शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद पोचवणारे फिरते दांडे, बाहेर पडतात, पंख्याचा शाफ्ट वेगळा, शिवाय पाणी काढून टाकायची बुचं. शाफ्ट फिरतो, चाकाबरोबर वरखाली होतो, म्हणून तिथे घड्या असलेलं रबरी बूट बसवून पट्टीने आवळतात. एक पट्टी सैल राहिली की तळं आत यायला लागतं. जहाजावर शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातून, गळणारं पाणी मी पहाटे तीनला बिल्ज अलार्म (तळात पाणी साचल्याचा इशारा) वाजल्यावर कितीदा पाहिलंय. पण जहाजाला आडव्या-उभ्या भिंती असतात, एक कप्पा भरला तरी बाकीचे कोरडे राहतात. मूळच्या डकला तसे कप्पे नाहीत. पाण्याच्या टाकीत रिकामं पातेलं सोडा, छान तरंगतं. काठावरून थोडं पाणी आत आलं की कलतं, आणि कललं की काही सेकंदांत तळाला. डकचं नेमकं तसंच होतं.

१ मे १९९९ ला आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे ‘मिस मॅजेस्टिक’ नावाची डक लेक हॅमिल्टनमध्ये उतरली आणि काही मिनिटांत मागच्या बाजूने बुडाली. चालक धरून २१ जण होते, त्यांतले १३ गेले. मागच्या शाफ्टचं रबरी सील नीट बसवलेलं नव्हतं. तेवढंच असतं तरी माणसं पोहून, दुसऱ्या बोटींच्या मदतीने वाचली असती. पण डोक्यावर पुढून मागपर्यंत अखंड छप्पर होतं. गाडी खाली गेली आणि लोक त्या छपराखाली अडकले. उन्हासाठी लावलेल्या कापडाने माणसं मारली, हे वाचल्यावर मला कितीतरी दिवस चैन पडली नव्हती.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाबांना पोहता येत नाही म्हटल्यावर तुमच्या मनात पहिलं नाव लाइफजॅकेटचंच आलं असणार. घट्ट छपराखाली लाइफजॅकेट घालून बसलेला माणूस गाडी बुडताना वर उचलला जातो आणि छपराला आतून चिकटतो. खाली बुडी मारून बाजूने निसटायचं तर जॅकेट खाली जाऊ देत नाही. म्हणून अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने तेव्हाच सांगितलं, की आधी छप्पर काढा आणि मग प्रत्येकाला पाण्यात उतरण्याआधी जॅकेट घाला. क्रम महत्त्वाचा आहे. शिवाय त्यांनी म्हटलं, की पाणी भरलं तरी बुडणार नाही एवढी राखीव तरंगशक्ती गाडीत हवी, आणि ती पंपावर अवलंबून नको.

या सूचना होत्या, सक्ती नव्हती. तटरक्षक दलाने सक्ती केली नाही, आणि बहुतेकांनी काही केलं नाही.

१९ जुलै २०१८, मिसुरीतलं ब्रॅन्सन. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास टेबल रॉक लेकच्या भागासाठी वादळाचा इशारा निघाला. त्यानंतर वीसेक मिनिटांनी ‘स्ट्रेच डक ७’ पाण्यात उतरली. वादळ येतंय म्हणून आधी पाण्यातली फेरी उरकून घ्या, असा बेत झाला होता. ताशी ७० मैलांहून जोरदार वारा सुटला, लाटा पुढच्या हवेच्या झडपेतून आत शिरल्या आणि गाडी बुडाली. ३१ पैकी १७ जण गेले. त्यात एकाच कुटुंबातले नऊ. पावसासाठी प्लास्टिकचे पडदे सोडलेले, वर तेच छप्पर, जॅकेटं गाडीत पण अंगावर नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलेली कारणं जशीच्या तशी. मला इथे राग येतो आणि तो मी लपवत नाही.

अखेर २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि २०२३ मध्ये तटरक्षक दलाने त्यावरून नियम काढले. राखीव तरंगशक्ती बसवा. ती बसेपर्यंत छप्पर आणि खिडक्यांची आवरणं काढा किंवा बाहेर पडायला अडणार नाही असं छप्पर लावा. छप्पर काढलं असेल तर पाण्यात शिरण्याआधी सगळ्यांना जॅकेट. तळातली नको असलेली भोकं कायमची बंद. स्वतंत्र विजेचे पंप आणि किमान चार बिल्ज अलार्म. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पाण्यात उतरून गळती नाही याची खात्री. हे वाचून मी पहिल्यांदा म्हटलं, आता बोलण्यासारखं झालं.

तरंगायला फोम भरला म्हणजे काम झालं असंही नाही. २०१३ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या गोदीत ३१ प्रवाशांसह डक बुडाली, सगळे वाचले. चौकशीत दिसलं की आत फोम होता पण पुरेसा नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनला थेम्स नदीत दुसऱ्या एका डकला आग लागली. जागा कमी म्हणून फोमचे ठोकळे आत दाबून बसवले होते, त्यावर तेल झिरपलं होतं आणि फिरता शाफ्ट त्यांना घासत होता. युद्धासाठी बांधलेल्या अरुंद पोटात आजची सुरक्षितता कोंबणं किती अवघड आहे, ते या दोन घटनांत दिसतं. म्हणूनच काही ठिकाणी आता जुनी गाडी सोडून तशाच आकाराची, नव्याने बांधलेली वाहनं वापरतात. तुमच्यासमोर दोन्ही पर्याय आले तर नवी घ्या, मूळ गाडीत बसण्याची हौस बाजूला ठेवा.

रस्त्याबद्दल कोणी विचारत नाही. सिॲटलला सप्टेंबर २०१५ मध्ये पुलावर डकच्या पुढच्या ॲक्सलचं हाउसिंग, म्हणजे चाकांच्या आसाभोवतीचं कवच, तुटलं, गाडी समोरच्या बसवर गेली आणि बसमधले पाच विद्यार्थी दगावले. त्या भागाच्या दुरुस्तीची सूचना २०१३ सालीच निघाली होती, या गाडीवर ती अमलात आली नव्हती. शिवाय पुढचं नाक उंच आणि लांब, त्यामुळे जवळून चालणारा माणूस चालकाला दिसत नाही. बॉस्टनला २०१६ मध्ये स्कूटरवरच्या तरुणीचा तसाच जीव गेला. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा अशी दोन वेगळी माणसं सक्तीची झाली. एकच माणूस चालवतोय, विनोद सांगतोय आणि मागे वळून बघतोय, असं दिसलं तर मी उतरतो.

२०१९ साली माझी आई इथे आली होती. तिचं माहेर हर्णैचं, होडीची भीती तिला लहानपणापासून नाही. आम्ही एका तळ्याकाठच्या गावात तिकिटं काढली. मी गाडीमागे उकिडवा बसून खाली पाहिलं, तर शाफ्टचं रबर नवं होतं, पट्ट्या चकचकीत. पण वर लोखंडी पाइपांवर घट्ट ताणलेलं छप्पर, आणि भुरभुर सुरू झाली म्हणून माणूस दोन्ही बाजूंचे पारदर्शक पडदे खाली ओढून बकलं लावत होता. मी त्याला विचारलं, पाण्यात गेल्यावर हे उघडणार का? तो म्हणाला, पाऊस थांबला तर. मी आईला म्हटलं, चल, आपण इथूनच तळं बघू. “अरे, एवढे लोक बसलेत की,” ती म्हणाली. पैसे परत मिळाले नाहीत आणि ती जेवेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. रात्री मी तिला ब्रॅन्सनबद्दल सांगितलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, “आमच्याकडे वाऱ्याची चाहूल लागली की होडी काढतच नाहीत.”

तर तुम्ही बुकिंगच्या आधी फोन करून सरळ विचारा: पाणी भरलं तर गाडी तरंगते का, छप्पर कसं आहे, वादळाचा इशारा असताना फेरी काढता का. हे प्रश्न त्यांना नेहमीचे असले पाहिजेत. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा. जुलैमध्ये इकडे दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून सकाळची पहिली फेरी घ्या, आणि निघण्याआधी हवामानाचा इशारा स्वतः बघा.

बाबांना कडेची जागा द्या, आईला त्यांच्या शेजारी. चढायला बऱ्याचदा उभी शिडी असते, त्यामुळे साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. जॅकेटचं बकल लावून, पट्टा ओढून, खांद्याला धरून वर उचलून पाहा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. हे गाडी जमिनीवर असतानाच करा.