पहिली बॉबर बांधताना
बॉबर म्हणजे अनावश्यक भाग काढून आणि मडगार्ड छोटे करून सुटसुटीत केलेली मोटारसायकल. अशी पहिली गाडी जुन्या बुलेट ३५० पासून बांधण्याचा तुमचा विचार असेल, तर तो योग्य आहे. मात्र भंगारातून चेसिस (गाडीचा सांगाडा) उचलण्यापूर्वी तिच्यावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, कारण कागद नसलेली गाडी कितीही देखणी झाली तरी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचना बदलण्यावर बंधने घालते, म्हणून चेसिस कापूच नका.

नवखे बहुधा सर्वांत आधी मागचा मडगार्ड कापून खाली बसवतात. शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर जिथवर येतो, तिथे अंतर उरते का ते अगोदर मोजा. स्टँडवर पुरेशी वाटणारी फट खड्ड्यात नाहीशी होते आणि टायर घासतो.

टायर, ब्रेक शू आणि केबल नवेच घ्या. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्राचे भाग) तूर्त आहेत तसेच राहू द्या. रंग मात्र संपूर्ण जुळणी आणि वेल्डिंग झाल्यावरच द्या.