मृत्युपत्रातून रुग्णालयाला देणगी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या यजमानांचे डायलिसिस अखेरपर्यंत सांगलीतील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात सवलतीच्या दरात झाले. माझ्या पश्चात त्या रुग्णालयाला काही द्यावे, अशी इच्छा आहे. सांगलीच्या विश्रामबाग भागात माझ्या पगारातून घेतलेली सदनिका, बँकेतील मुदत ठेवी आणि यजमानांच्या मागे आलेली द्राक्षबाग एवढी मालमत्ता आहे. बागेच्या सातबाऱ्यावर माझे व मुलाचे नाव आहे. मृत्युपत्र करावे, की ठेवींना रुग्णालयाचे नाव नॉमिनी म्हणून लावावे? मुलाशी अद्याप बोललेले नाही.

उत्तर : आपण मृत्युपत्रच करावे, मात्र तिन्ही मालमत्तांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. सदनिका स्वकष्टार्जित असल्याने ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आपला आहे. बागेचे तसे नाही. एक तर त्या जमिनीत मुलाचाही हिस्सा असल्याने आपण फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच लिहू शकता. दुसरे असे की, १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे परवानगीशिवाय हस्तांतरित होऊ शकत नाही, आणि ही बंदी मृत्युपत्राने दिलेल्या जमिनीलाही लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात याच कायद्याचा अर्थ लावताना २०२० मध्ये दिला आहे. सांगली-साताऱ्याकडे बहुतेकांची पुंजी जमिनीतच असते आणि ‘अमुक गुंठे दवाखान्याला’ असे लिहून ठेवण्याकडे मनाचा ओढा असतो. अशा दानातून रुग्णालयाच्या हाती वर्षानुवर्षांचा वाद तेवढा येण्याचा धोका असतो. म्हणून बाग मुलाकडे राहू द्यावी आणि रुग्णालयाला ठेवी, सदनिका किंवा सदनिका विकून येणारी रक्कम द्यावी, असे आम्ही सुचवतो.

बँकेतील ठेवींना नॉमिनी म्हणून व्यक्तीचेच नाव लावता येते, संस्थेचे नाही. शिवाय नॉमिनीने रक्कम बँकेकडून स्वीकारायची असते; ती शेवटी कोणाची, हे मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरते. त्यामुळे नॉमिनी मुलगा असला तरी ठेवींचा किती भाग रुग्णालयाला द्यायचा हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे. ठरावीक रकमेऐवजी हिस्सा लिहिणे बरे, कारण उतारवयातील आजारपणात ठेवी मोडाव्या लागल्या, तर मुलाचा आणि रुग्णालयाचा वाटा सारख्याच प्रमाणात कमी होतो.

लाभार्थी म्हणून रुग्णालयाच्या पाटीवरचे नाव लिहून भागत नाही. पाटीवरचे नाव आणि न्यासाचे, म्हणजे रुग्णालय चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेचे, नोंदणीकृत नाव बरेचदा वेगळे असते. धर्मादाय आयुक्तांच्या सांगली येथील कार्यालयातून त्या न्यासाच्या शेड्यूल वनचा, म्हणजे न्यास नोंदवहीतील नोंदीचा, उतारा काढावा आणि त्यावरील नाव व नोंदणी क्रमांक जसेच्या तसे मृत्युपत्रात उतरवावेत. विद्यमान विश्वस्त कोण आहेत, हेही त्याच उताऱ्यावरून कळते, आणि विश्वस्तांमध्ये आपसांत वाद चालू असतील तर ते आजच समजलेले बरे. तो न्यास पुढे बंद पडला किंवा त्याने रुग्णालय चालवणे सोडले, तर देणगी कोणाला जावी, हे एका वाक्यात नमूद करून ठेवावे.

देणगीचा उद्देश लिहिताना विशेष काळजी घ्यावी. आपल्या मनात डायलिसिस यंत्र असणार, हे आम्ही समजू शकतो. परंतु चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. ते पुरवणारा आरओ प्रकल्प, प्रशिक्षित तंत्रज्ञ, डायलायझर (रक्त गाळणारे नळकांडे), नळ्या आणि वार्षिक देखभालीचा करार यांची तजवीज नसेल, तर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावलेले यंत्र कापड पांघरून कोपऱ्यात पडून राहते. आपले मृत्युपत्र कदाचित वीस वर्षांनी उघडले जाईल आणि तेव्हा उपचारांची पद्धतही बदललेली असू शकते. म्हणून ‘मूत्रपिंडाच्या गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी आणि त्याला लागणाऱ्या साधनसामग्रीसाठी’ असा व्यापक उद्देश लिहावा आणि मुद्दल कायम निधी म्हणून राखून केवळ व्याज वापरायचे की गरजेप्रमाणे मुद्दलही वापरायचे, हेही स्पष्ट करावे.

त्यात आणखी एक वाक्य घालावे, असा आमचा आग्रह आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीने देणे, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे योजनेनुसार बंधनकारक आहे. आपली देणगी ‘या कायदेशीर जबाबदारीव्यतिरिक्त’ वापरावी, असे लिहिल्यास रुग्णालयाला एरवीही करावाच लागणारा खर्च आपल्या पैशातून भागवला जाणार नाही आणि आणखी काही रुग्णांपर्यंत मदत पोहोचेल.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. त्यांत मुलगा किंवा रुग्णालयाशी संबंधित व्यक्ती नसावी. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकांकडे ती करून घ्यावी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. सोबत आपण मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि अंमलबजावणीसाठी आपल्याहून वयाने लहान, विश्वासू व्यक्ती नेमावी.

मुलाशी मात्र आत्ताच बोला. वडिलांचे उपचार त्यानेही जवळून पाहिले असतील. आईची इच्छा त्याला तिच्याच तोंडून कळली, तर तो स्वतःहून ती पुरी करण्याची शक्यता अधिक. वकिलाच्या कार्यालयात पहिल्यांदा कळली, तर मनात किंतु येणारच.

प्रश्न : साताऱ्यातील माझे राहते घर हयातीतच रुग्णालयाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावे का?

उत्तर : राहते घर शक्यतो देऊ नये. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. नोंदणीकृत बक्षीसपत्र मात्र सहसा मागे घेता येत नाही, आणि त्याला मुद्रांक शुल्कही लागते. तरीही द्यायचेच असेल, तर तहहयात राहण्याचा हक्क त्याच दस्तात राखून ठेवावा. हयातीत काही द्यावे अशी ओढ असल्यास दरवर्षी थोडी रक्कम धनादेशाने द्यावी. संस्थेला देणगीवरील प्राप्तिकर सवलतीसाठीची (‘८० जी’) मान्यता असेल आणि आपण जुन्या करप्रणालीत असाल, तर त्यावर करसवलतही मिळते; रोख देणगी २००० रुपयांपेक्षा जास्त असल्यास मात्र मिळत नाही. दरवर्षी देणगी देताना त्या संस्थेचे हिशेब आणि कारभारही आपल्याला जवळून पाहता येईल, आणि मृत्युपत्रात तिला किती द्यायचे हे त्यावरून ठरवता येईल.